मराठीत लिहिलेला अभिप्राय नाकारला गेला तेव्हा: माझा अनुभव

ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरबद्दल मला चार ओळी लिहायच्या होत्या. कोरडे मसाले त्यात उत्तम दळले जातात. मात्र ओले खोबरे, धणे आणि सुक्या मिरच्या पाणी घालून वाटायला घेतल्या की भांड्याच्या तळाच्या वायसरमधून पाणी झिरपते. हुमणासाठी, म्हणजे माशांच्या आमटीसाठी, रोज वाटण करणाऱ्या गोव्यातील घरांना हे खरेदीपूर्वी कळायला हवे, आणि फोंड्यातील माझ्या शेजारणी वर्तमानपत्र मराठीत वाचतात, म्हणून अभिप्रायही मी मराठीतच लिहिला.

तो नाकारला गेला. ‘आपला अभिप्राय आमच्या नियमांत बसत नाही’, एवढाच संदेश आला. कोणता नियम, कोणते वाक्य, याचा उल्लेख कुठेही नव्हता. नियमांचे पान उघडून पाहिले, तर तिथे शिवीगाळ, जाहिरात, फोन नंबर यांना मनाई होती आणि माझ्या मजकुरात यांपैकी काहीही नव्हते. मी झिरपणाऱ्या भांड्याचा फोटो काढून टाकला, वाक्ये लहान केली, ‘वायसर’च्या जागी ‘रबरी रिंग’ लिहिले, तरी उत्तर तेच. शेवटी तोच मजकूर इंग्रजीत लिहिला आणि तो जवळजवळ लगेच स्वीकारला गेला. तेव्हा मात्र मला मनस्वी संताप आला, कारण अडचण मी काय लिहिले याची नसून कोणत्या भाषेत लिहिले याची होती, हे त्यातून उघड झाले. इंग्रजी अभिप्राय मी तिथल्या तिथे काढून टाकला. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्यापर्यंत तो पोचणारच नव्हता.

अशा ठिकाणी पहिली चाळणी यंत्र लावते. ते आधी मजकुराची भाषा ओळखू पाहते आणि मग त्या भाषेतील वर्ज्य शब्दांच्या यादीशी तो ताडते. मराठी, हिंदी, कोकणी आणि नेपाळी या चारही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात, त्यामुळे चार ओळींच्या मजकुरावरून यंत्राचा अंदाज चुकू शकतो, आणि आम्हा गोवेकरांच्या मराठीत ‘हुमणा’सारखे शब्द सहज येतात. हे मी समजू शकते. पण ज्या संकेतस्थळाने आपली सगळी बटणे आणि सूचना मराठीत करून आमच्याकडून खरेदी करून घेतली, त्याला आमचे मराठी वाचता येऊ नये, हे मला मुळीच मान्य नाही. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापरालाही मुभा दिली. जी भाषा सरकारदरबारी चालते, ती मिक्सरच्या अभिप्रायाला का चालू नये?

ग्राहक सेवेच्या चॅटवर वेळ दवडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे प्रत्येक नव्या प्रतिनिधीला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल दिलेला असतो, तिथे लिहावे. ई-व्यापाराच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. मी पत्र मराठीतच लिहिले, नकाराच्या संदेशाचे आणि स्वीकारलेल्या इंग्रजी मजकुराचे स्क्रीनशॉट सोबत जोडले, आणि भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 19000:2022 या ऑनलाइन अभिप्रायांविषयीच्या मानकाचा उल्लेख केला. ते मानक ऐच्छिक आहे, तरी पारदर्शकता आणि सर्वांना सुलभता ही तत्त्वे त्यात स्पष्ट नोंदलेली आहेत. उत्तर आले की स्वयंचलित तपासणीला भाषा ओळखता आली नव्हती. आता एका कर्मचाऱ्याने मजकूर वाचला आहे. त्यानंतर माझा अभिप्राय ‘वायसर’ आणि ‘हुमण’ या शब्दांसह प्रसिद्ध झाला, याचा मला अभिमान वाटतो. तसे झाले नसते, तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार होते. तिथे मराठीतही बोलता येते.

खोके फाटलेले आले किंवा वस्तू उशिरा पोचली, अशा तक्रारी वस्तूच्या अभिप्रायात घालू नयेत. त्या विक्रेत्याच्या अभिप्रायासाठी ठेवाव्यात, म्हणजे नकाराला ते निमित्त उरत नाही. आणि लिहिलेला मजकूर पाठवण्याआधी फोनमध्ये वेगळा साठवून ठेवावा, कारण नकार आला की चौकट रिकामी होते आणि सगळे पुन्हा आठवून लिहावे लागते.