गोळी लागू पडेना झाली, तर आधी घड्याळ बघा

"पहिल्या महिन्यात डोकं कसं लख्ख झालं होतं. आता गोळी घेतली काय आणि नाही घेतली काय, सारखंच." एडीएचडीची (लक्ष न टिकणं, चंचलपणा या त्रासाची) गोळी सुरू होऊन सहा-आठ महिने झाले की ही तक्रार येतेच. पाठोपाठ निदानही तयार असतं: "अंगाला सवय झाली, पॉवर वाढवायला पाहिजे." सवय होते, नाही असं नाही. पण बऱ्याचदा चोर दुसराच निघतो, आणि तो सापडायच्या आधीच डोस वाढवला की भूक मरते, झोप उडते आणि मूळ तक्रार आहे तिथंच राहते.

पहिल्या महिन्याच्या त्या 'लख्ख'बद्दल आधी बोलू. मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीचं नेहमीचं औषध, नवीन असताना काही जणांना लक्षाबरोबर थोडी तरतरीही येते. ती काही आठवड्यांत ओसरते आणि ओसरायलाच हवी. मागं राहतो तो खरा परिणाम, पण तो आतून जाणवत नाही. गाडीची किल्ली सापडते, लाईट बिल तारखेच्या आत भरलं जातं, गॅसवर ठेवलेलं दूध उतू जात नाही. म्हणून 'कसं वाटतंय' यापेक्षा घरच्यांना विचारा. गोळी चुकलेल्या दिवशी आई "आज काय झालंय रे तुला?" म्हणत असेल, तर गोळी चालू आहे. 2019 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दोन वर्षांहून जास्त काळ मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या मुलांवर हेच तपासलं. निम्म्यांची गोळी त्यांना न कळता हळूहळू बिनऔषधाच्या गोळीवर आणली. बिघडण्याचं प्रमाण त्या गटात स्पष्ट जास्त होतं. दोन वर्षांनंतरही औषध काम करतच होतं.

आता घड्याळ. मिथाइलफेनिडेटची साधी गोळी तीन ते चार तास टिकते, बस्स. सकाळी आठला घेतली तर बाराला खेळ खलास. संध्याकाळी सातला अभ्यासाला बसून "लागू पडत नाही" म्हणणाऱ्या पोराच्या अंगात त्या वेळी गोळी उरलेलीच नसते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांचं तर हमखास असं होतं. पहिली पाळी असताना सकाळी साडेसहाची वेळ बसलेली असते, पाळी दुपारची झाली तरी हात सवयीनं त्याच वेळी स्ट्रिपकडं जातो. कामावर पंच करेपर्यंत औषध उतरलेलं असतं. इथं पॉवर नाही, वेळ बदलायची असते. डॉक्टरांना पाळ्यांचं वेळापत्रक लिहून दाखवा, नुसतं 'कंपनीत आहे' म्हणून त्यांना काय कळणार? दिवसा काम करणाऱ्यानं साधी गोळी संध्याकाळी सहानंतर घेतली तर रात्री छताकडं बघत पडावं लागतं, हेही ध्यानात ठेवा.

औषध उतरताना संध्याकाळी अर्धा-एक तास चिडचिड, रडवेपणा, दुप्पट चुळबुळ होते. ही उतरण आहे, औषध निकामी झाल्याची खूण नव्हे. दुपारी छोटा डोस जोडून किंवा लांब चालणाऱ्या गोळीवर जाऊन डॉक्टर ती सौम्य करू शकतात.

सवय म्हणतात ती एका दिवसाच्या आतही होते. रक्तात औषधाची पातळी दिवसभर सपाट ठेवली तर दुपारनंतर पकड ढिली पडते, हे 1990 च्या दशकात लक्षात आलं. म्हणून दहा-बारा तास चालणारी गोळी चढत्या क्रमानं औषध सोडेल अशी बनवली. तिच्या वरच्या थरातलं 22 टक्के औषध लगेच सुटतं, उरलेलं आतला पाणी शोषून फुगणारा थर एका बारीक भोकातून दिवसभर हळूहळू ढकलतो. मोकळं कवच शौचातून बाहेर पडतं. ते बघून "गोळी पचलीच नाही, तशीच पडली" असं म्हणणारे आहेत. औषध केव्हाच अंगात गेलेलं असतं, ते नुसतं टरफल. उलट हीच गोळी मोठी वाटते म्हणून चावली किंवा अडकित्त्यानं अर्धी केली, तर सगळं औषध एकदम सुटतं. दोन तास छाती धडधडते आणि दुपारनंतर शुकशुकाट.

याला जोडून मेडिकलमधली गंमत. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. दुकानाला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवतो. त्यामुळं कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत मेडिकलची रांग असली तरी प्रत्येक काउंटरवर ही गोळी मिळेलच असं नाही. मग "दुसऱ्या कंपनीची आहे, चालेल का?" येतं. कंपनी बदलली तर बहुतेकदा चालतं, प्रकार बदलला तर नाही. 20 एमजीची साधी आणि 20 एमजीची एसआर (हळूहळू सुटणारी) या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नावापुढं एसआर, ओडी, ईआर अशी अक्षरं असली तर ती जुन्या स्ट्रिपशी जुळवून बघा. आणि स्ट्रिप पुरवून पुरवून खाऊ नका. 'उद्या सुट्टी आहे, राहू दे' करत आठवड्याला तीन गोळ्या बुडाल्या, तर दोष गोळीचा नाही. चिठ्ठी संपायच्या आठवडाभर आधी चौकशी सुरू करा.

ॲटोमॉक्सेटीन या एडीएचडीच्या दुसऱ्या औषधाचा हिशेब निराळा. ते तासांवर चालत नाही. गुण यायला चार-सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणणं घाईचं, आणि मधे मधे दोन-दोन दिवस बुडवले तर गुण दिसणारच नाही. लहान मुलांत हा डोस वजनावर असतो, नेहमीचं लक्ष्य दर किलोला दिवसाला 1.2 एमजी. 25 किलोच्या पोराला त्या हिशेबानं 30 एमजी होतात. तेच पोर दीड-दोन वर्षांत 35 किलोचं झालं की हिशेब 42 वर जातो. औषध उतरलेलं नसतं, पोरगं वाढलेलं असतं. हे औषध चालू असताना फ्लुओक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन (उदासीवरची औषधं) सुरू झालं तर रक्तातली पातळी बरीच वाढू शकते, म्हणून दुसरीकडं काही लिहून दिलं तर तीही चिठ्ठी दाखवा.

आता उरलेले चोर. पहिला नंबर झोपेचा. पाच तास झोपलेल्या मेंदूवर कुठलीच गोळी पुरी पडत नाही, आणि गणपतीच्या दहा दिवसांत गोळी 'फेल' का जाते हे वेगळं सांगायला नको. त्यानंतर चहा: गोळीवर चार कट मारले की थरथर आणि बेचैनी येते, ती माणसाला 'लक्ष लागत नाही' अशी वाटते. डोस जास्त झाला तरी चित्र हेच दिसतं, किंवा माणूस गप्प, दगडासारखा होतो. तिथं पॉवर वाढवणं म्हणजे आगीत तेल. बायकांना मासिक पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि चाळिशीनंतर पाळी अनियमित होताना गोळी कमी पडल्यासारखी वाटते, म्हणून खाली सांगितलेल्या वहीत पाळीची तारीख हवीच. उदासी, थायरॉइड, रक्तातलं लोह कमी असणं, घोरण्यामुळं मोडणारी झोप हे सगळे एडीएचडीचाच मुखवटा घालून येतात. संत्र्याचा रस आणि व्हिटॅमिन सी टाळा, हा इंटरनेटवरचा सल्ला मात्र अमेरिकेतल्या ॲम्फेटामीनच्या गोळ्यांसाठी आहे. मिथाइलफेनिडेटवाल्यांनी खुशाल मोसंबी खावी.

चोर पकडायला दहा रुपयांची वही पुरते. दोन आठवडे रोज एक ओळ: गोळी किती वाजता, रात्रीची झोप किती तास, नाश्ता झाला की नाही, चहा किती, पकड कधी आली, कधी सुटली. रोज ठरावीक वेळी वीस मिनिटांचं एकसारखं काम घ्या, वाचन किंवा हिशेब, आणि त्याला 0 ते 3 गुण द्या. रोज दुपारी एकलाच पकड सुटत असेल तर प्रश्न टिकण्याचा. कमी झोपेच्याच दिवशी सुटत असेल तर झोपेचा. चांगली झोप, वेळेवर गोळी आणि तरीही सकाळपासूनच 0 असेल, तर मात्र डोस किंवा औषध बदलायचं बोलणं खरं. काही दिवस औषध थांबवून बघायचं असेल तर तेही डॉक्टरांनी ठरवावं, आपल्या मनानं नको.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, नसलेले आवाज ऐकू येणं, जीव नकोसा वाटणं, यातलं काही झालं तर वही भरायची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मनाच्या त्रासासाठी सरकारी टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही चालतो.

तपासणीला जाताना वही, चालू स्ट्रिप आणि आधीची रिकामी स्ट्रिप असं तिन्ही घेऊन जा. डोस वाढवायचं ठरलं तर आधी रक्तदाब, नाडी आणि वजन मोजून घ्या आणि ते आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या खेपेला तेच लागतात.