आमची वाटचाल: घाणा, निंबोळी आणि चौथा दिवस

भोसरीच्या शेडमध्ये फवारणीचं निंबोळी तेल काढायचा पहिला घाणा बसवला तो भागीदाराच्या बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून. भंगारातून उचललेला; त्याच्या स्क्रूला मी स्वतः कानस मारली आहे. निंबोळीचा मगज तापला की अझाडिरॅक्टिन, म्हणजे त्यातलं किडीला रोखणारं द्रव्य, गेलंच म्हणून समजा, तेव्हा घाणा हळूच फिरवायचा, ही शिकवण भागीदाराची. नवीन पोरगा आला की आजही आधी त्याला पेंडीला हात लावून बघायला सांगतो.

तिसऱ्या वर्षी धंदा बसायचाच बाकी होता. एका स्पर्धकानं 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' म्हणून बाटली काढली. फवारलं की दोन तासांत अळ्या खाली! मार्केट यार्डातल्या दुकानदारांनी आमचा माल खोक्यांसकट परत केला. ती बाटली मी तपासून घेतली. आत सिंथेटिक पायरेथ्रॉइड, म्हणजे कारखान्यात बनवलेलं रासायनिक कीटकनाशक. अहवाल घेऊन दारोदार फिरलो, कुणी घडीसुद्धा उघडली नाही. ते शल्य अजून सलतं. अझाडिरॅक्टिन अळीला जागच्या जागी लोळवत नाही. तिचं खाणं तोडतं, कात टाकायच्या संप्रेरकात खोडा घालतं. त्याला दिवस लागतात.

त्या हंगामात टिकले ते एकटे नारायणगावचे आबा. चौथ्या दिवशी टोमॅटोच्या फडात बोलावून त्यांनी पान उलटं केलं. जुनी कात डोक्याशी अडकलेली, अळी निम्मी बाहेर, आणि पान पुढे कुरतडलेलं नाही. "मेली नाही म्हणून ओरडतात, वाकून कोण बघतो?" म्हणाले, आणि पुढच्या हंगामाच्या मालाचे पैसे हातावर ठेवले. त्यात पोरांचे पगार झाले.

पुढची वर्षं सुरळीत गेली. उन्हाचं दुखणं तेवढं राहिलं. अझाडिरॅक्टिनचा रेणू उन्हात लवकर विरतो. त्यावर हायड्रोजन चढवून केलेलं टेट्राहायड्रोअझाडिरॅक्टिन उन्हाला जास्त दाद देत नाही, पण दाबाखालचा रिअ‍ॅक्टर आमच्या ऐपतीबाहेरचा. मूळ रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून बांधायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला 22 वर्षं लागली, 2007 साली जमलं. आपल्या बांधावरचा कडुनिंब तो दरवर्षी बांधतो.

म्हणून सांगतो, फवारणी संध्याकाळीच करा. बोअरचं पाणी जड असेल तर सामू (pH) 6 च्या आसपास आणा. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. आणि निंबोळी सावलीत वाळवून गोणपाटात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. बुरशी चढलेला माल मी दारातूनच परत पाठवतो. आबांच्या गोण्या मात्र न उघडता काट्यावर चढतात.