शिशाची वाटी

मी रेडिएशन विभागात टेक्निशियन. पारोळ्याकडचा कापूसवाला शेतकरी, सोबत २६ वर्षांचा मुलगा. मुलाची फाईल उघडली आणि डोकंच तापलं. हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती साठलेलं पाणी समजून थेट वृषणाच्या पिशवीवरच चीर दिलेली! सोनोग्राफी नाही, रक्तातले मार्कर, म्हणजे कॅन्सरचा इशारा देणाऱ्या तपासण्या, नाहीत. अहो, न दुखणारी टणक गाठ असेल तर वृषण जांघेतून अख्खं काढायचं असतं, पिशवीला हात लावायचा नाही, लिम्फची, म्हणजे कॅन्सरच्या पेशी ज्या द्रवातून पसरतात त्याची, वाट बदलते. नंतर दुसऱ्या सर्जनने जांघेतून उरलेलं काढलं. रिपोर्ट सेमिनोमा, वृषणाचा एक कॅन्सर, सीटीमधे मणक्याजवळ दीड सेंटीमीटरची गाठ. म्हणजे स्टेज टू ए, वृषणाबाहेर जवळच्या लिम्फच्या गाठीपर्यंत पोचलेला, पण अजून लहान.

सेमिनोमा रेडिएशनला चांगला दबतो, १५ वेळा मिळून ३० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप), फिल्ड, म्हणजे किरण पडतात तो भाग, हॉकी स्टिकसारखं, पोटाच्या मधून खाली त्याच बाजूच्या जांघेकडे. स्टेज वनला आता बरेचदा नुसतं लक्ष ठेवतात, वय तरुण असतं, पुढे दुसरा कॅन्सर व्हायची भीती असते ना, म्हणून. पण इथे शेक द्यायचाच होता.

सिम्युलेशनच्या, म्हणजे रेडिएशनची आखणी करायच्या दिवशी राहिलेल्या वृषणासाठी शिशाची वाटी काढली. दोन अर्धे भाग, मधे वृषण ठेवून बंद करायचे. शरीरातून आतल्या आत पसरणारं रेडिएशन ती अडवत नाही, बाहेरून येणारं बरंच अडवते, आणि शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी इतक्या नाजूक की एका ग्रेपेक्षा कमी डोसनेही शुक्राणू काही महिने कमी होतात. म्हणून मी रोज स्वतः तपासतो, कुणावर सोडत नाही.

ती वाटी बघून मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला. बाहेर त्याच्या वडिलांनी, आप्पांनी माझा हात धरला, "भाऊ, मना पोर्‍याले पोरं व्हतीन ना?"

वीर्य गोठवून ठेवता येतं हे दोन ऑपरेशनं झाली तरी त्यांना कुणी बोललंच नव्हतं. तसाच आमच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तारीख पुढे ढकलली, दोघं नाशिकला जाऊन सँपल ठेवून आले, मग सुरू केलं. तासभर आधी उलटीची गोळी, बाकी त्रास नाही. चौथ्या दिवसापासून तर वाटी तो स्वतःच लावायला लागला, मी फक्त बघायचो.

शेवटच्या दिवशी आप्पा म्हणाले, साखरपुडा झालाय, मुलीकडच्यांना हर्निया सांगितलंय, खरं सांगू का? मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. विषय टाळला मी. त्या मुलीचा विचार मनातून जातच नाहीये, आणि पंधरा दिवस जो माणूस माझ्यावर विश्वास ठेवून रोज त्या टेबलावर झोपला त्याला तरी मी काय सांगायला हवं होतं, हे अजून ठरत नाही.