सही करण्याआधी पक्षाची घटना मागितली आणि पाच आठवडे गेले

आमच्या नगरपरिषदेची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच उरला नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर तिसऱ्यांदा ताटकळले त्या दिवशी ठरवलं, नुसतं मत देऊन भागायचं नाही, पक्षात जायचं. पक्षाचं नाव सांगत नाही. नावावरून भांडणं होतील आणि मुद्दा राहील बाजूला.

सभासद अर्ज लगेच मिळाला. नाव, पत्ता, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, वर्गणी. खाली बारीक अक्षरात छापलेलं: 'पक्षाची घटना व ध्येयधोरणे मी वाचली असून ती मला मान्य आहेत.' मी वाचली नव्हती. म्हटलं, घटना द्या, वाचून उद्या सही करून आणते.

तिथेच अडलं. कार्यालय सांभाळणारे भाऊ म्हणाले, "ताई, एवढं कोण वाचतंय? करा सही, पावती फाडतो." दुसऱ्या खेपेला कळलं, जिल्हा कार्यालयात मिळेल. जिल्ह्याला फोन केला, तर मुंबईहून मागवावी लागेल. चौथ्या खेपेला तालुकाध्यक्षांनी हातात जाहीरनामा ठेवला, पहिलं पान नेत्याच्या फोटोचं. मी सांगत होते, जाहीरनामा त्या निवडणुकीपुरता असतो. पक्ष कशाला बांधील आहे, पदाधिकारी कसे निवडायचे, कुणाला कसं काढायचं, हे घटनेत असतं. खोलीतली पाच-सहा माणसं मला विरोधकांनी धाडलंय अशा नजरेने बघत होती. एकजण म्हणालाच, "मॅडमना तिकीट पाहिजे दिसतंय." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. नगरपरिषदेत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. त्या भरायची वेळ आली की ह्यांना घरातल्या बायका आठवतात, आणि बाहेरून आलेल्या बाईने कागद मागितला की तिला तिकिटाची हाव!

पाचव्या आठवड्यात भाच्याने घटना शोधून दिली. भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पक्षांच्या घटना ठेवलेल्या असतात. इंग्रजीत होती. दुकान बंद केल्यावर दोन रात्री शब्दकोश घेऊन बसले. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 29अ प्रमाणे नोंदणी हवी असलेल्या पक्षाला आपल्या घटनेत लिहून द्यावं लागतं की तो भारताच्या संविधानाशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा राखेल. ते कलम आमच्या पक्षाच्या घटनेतही होतं. वाचून मला खरंच बरं वाटलं. पुढे तालुका समिती सभासदांनी निवडायची, असंही होतं. अशी निवडणूक आमच्याकडे झाल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

मग सही केली. घटनेची एक छापील प्रत कार्यालयात ठेवून आले, पहिल्या पानावर तारीख घालून. त्या सहीचा मला अभिमान आहे.

तुम्ही जाणार असाल तर वर्गणीची पावती हातात पडल्याशिवाय उठू नका, आणि कोऱ्या अर्जावर सही तर मुळीच नको. अर्जात मतदार यादीचा भाग क्रमांक विचारतात, तो घरूनच लिहून न्या. सरकारी नोकरीत असाल तर मात्र पक्षाचं सभासद होता येत नाही. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

नंतर बूथचं काम मिळालं, तेही मागूनच. मतदार यादीत नवीन नावासाठी नमुना 6 चा अर्ज, पत्ता बदलला असेल तर नमुना 8. अठरा पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. आमच्या गल्लीतल्या मुलींना हे ठाऊकच नव्हतं. सासरी आलेल्या सुनांची नावं अजून माहेरच्याच यादीत होती. त्यांच्या ओट्यावर बसून अर्ज भरून घेतले.

तालुका समितीची निवडणूक कधी घेणार, असं लेखी विचारलं आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ही पोच घ्यायला विसरू नका. पहिल्या चार खेपांची माझ्याकडे एकही नाही.