तेलाचा डाग

रविवार, रात्री पावणेअकरा

आज सीपॅपच्या, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनच्या, आंघोळीचा दिवस. नळी, पाण्याची टाकी, मास्क सगळं साबणाच्या कोमट पाण्यातून काढलं आणि बाल्कनीत न टाकता बाथरूमच्या दांडीवर लटकवलं, ऊन लागलं की सिलिकॉनची वाट लागते. टाकीच्या तळाला पांढरा थर धरलाय, कारण मधे दोन दिवस डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपलेला आणि मी आळसाने नळाचं पाणी भरलं, भोगा आता, व्हिनेगर घालून ठेवलंय.

पण खरी भानगड वेगळीच. आठवडाभर स्क्रीनवरचा एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा, चढलेला. पाचच्या आत नॉर्मल, माझा एरवी दोनच्या आसपास असतो, या आठवड्यात सात, आठ, बुधवारी तर अकरा! टेस्ट केली तेव्हा ३८ होता, तीसच्या वर म्हणजे सिव्हिअर, म्हणजे दर दीड-पावणेदोन मिनिटांनी आपण घोरता घोरता गप्प होतो आणि आपल्याला पत्ताच नाही. त्यामुळे अकरा बघून पोटात गोळा आला.

पहिला संशय फिल्टरवर. पंधरा दिवसांपूर्वी पांढराशुभ्र घातलेला, काढला तर पाटीसारखा करडा. पुस्तिकेत महिन्याने बदला लिहिलंय, लिहिणाऱ्याने घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाशेजारी घर घेतलेलं नसणार. बदलला, आकडा तसाच. मग वाटलं मास्क लीक करतोय, खरंच करत होता, रात्री तीनला डोळ्यात फुर्रर्र हवा घुसायची. पट्टे आवळले तर लीक वाढलं, आणि गालावर असे वळ की ऑफिसात विचारलं, घरी सगळं ठीक ना?

आज मास्क धुताना हाताला लागलं. कुशनच्या कडेला चिकट, तुळतुळीत काहीतरी, वास घेतला तर खोबरेल. आई आलीय ना साताऱ्याहून! रोज रात्री जेवणानंतर "किती तापलंय रे डोकं" म्हणत ती वाटीभर तेल जिरवते, ते कपाळावरून नाकापर्यंत ओघळतं, पट्टे मागून घसरतात आणि कुशनला पकड राहात नाही, मग कितीही आवळा. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू, पन्नाशीत कोण आपलं डोकं चोळून देतं.

आत्ता तिला नळी हातात धरून सगळं समजावलं, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, सील निघालं की दाब जातो, वगैरे. तिने शांतपणे ऐकलं, नळीला एकदा टिचकी मारून बघितली, आणि म्हणाली, "बरं, मग उद्यापासून सकाळी लावते. ऑफिसला जायच्या आधी."