कोंबडी लंगडतेय? आधी तळवा उलटा करून बघा

कोंबड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन दिवसांनी एक मेसेज असतोच, "कोंबडी लंगडतेय, कुठलं औषध देऊ?" आणि सोबतच्या फोटोत कोंबडी पार लांब, अंगणाच्या त्या टोकाला. अरे बाबा, औषधाचं नंतर बघू, आधी पाय उलटा करून दाखव की! लंगडणं म्हणजे काही एकच रोग नाही, काटा रुतला तरी लंगडते, बोटाला दोरा गुंडाळून आवळला गेला तरी लंगडते, अंडं अडकलं तरी पाय फाकवून पेंग्विनसारखी चालते.

बघायची वेळ रात्रीची, खुराड्यात बसल्यावर, धावपळच होत नाही. टॉवेलात गुंडाळून काखेत धरा, पण छाती दाबू नका, कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो, घट्ट आवळली तर गुदमरते. मग एकाने टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने तळवा ओल्या फडक्याने पुसायचा.

तळव्याच्या मधोमध गोल काळी खपली, आजूबाजूला सूज आणि हाताला गरम लागलं तर ते बंबलफूट. बारीक जखमेतून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस. गिरीराज, वनराजसारख्या वजनदार कोंबड्या उंच दांडीवरून सिमेंटवर धप्पकन उड्या मारतात, त्यांना जास्त होतं. सुरुवातीलाच सापडलं तर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवायचा, नीट कोरडा करायचा, बीटाडीन लावायचं, गॉज ठेवून बँडेज बांधायचं, बोटं निळी पडतील इतकं घट्ट नको. रोज बदलायचं. हातमोजे घालाच, हे जंतू माणसालाही त्रास देतात. आणि यूट्यूब बघून ब्लेडने गाठ फोडायच्या भानगडीत पडू नका प्लीज, पक्ष्यांचा पू पातळ नसतो, आत घट्ट गोळा झालेला असतो, दाबून निघत नाही आणि भूल न देता कापणं म्हणजे निव्वळ छळ. गाठ मोठी असेल तर डॉक्टरच.

पायावरचे खवले उचलल्यासारखे, खरखरीत, मधे पांढरट चुना भरल्यासारखं दिसत असेल तर ती खवल्यांखाली राहणारी माइट. लोक म्हणतात म्हातारी झाली म्हणून पाय असे दिसतात. नाही हो, किडा आहे तो, आणि एकीचा दुसरीला लागतो. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवा, मऊ टूथब्रशने हलकं घासा, पुसून व्हॅसलीन जाडसर चोपडा, किड्यांना हवाच मिळत नाही. खवले उपटायचे नाहीत, रक्त येतं. दोन-चार दिवसांआड असं काही आठवडे करावं लागतं आणि दिसायला नीट व्हायला त्याहून वेळ लागतो, धीर धरा. गावाकडे रॉकेल किंवा जळकं ऑईल लावतात, त्याने कातडी भाजते, तो उपाय मला अजिबात पटत नाही. आयव्हरमेक्टिन चालतं पण डोस डॉक्टरांनी ठरवायचा, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत हेही त्यांनाच विचारायचं.

तळवा स्वच्छ, खवले गुळगुळीत आणि तरी तलंग (म्हणजे वयात येणारी तरुण कोंबडी) एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलीये? मग मरेक्सची शंका घ्या. व्हायरस आहे, पिसांच्या कोंड्यातून पसरतो, औषध नाही. लस असते पण ती पिल्लू पहिल्या दिवसाचं असताना हॅचरीत देतात, खुडूक कोंबडीखाली घरी काढलेल्या पिल्लांना ती कोण देणार! बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. सोबत मान वाकडी, हिरवट शेण आणि एकापाठोपाठ मरतूक असेल तर राणीखेत हा भराभर पसरणारा व्हायरसचा रोगही असू शकतो, तेव्हा तर थांबूच नका.

पिल्लांचं गणित वेगळं. बोटं आत मुडपून घोट्यावर चालत असेल तर बरेचदा व्हिटॅमिन बी-टू कमी पडलेलं असतं, नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवलेल्यांत हे होऊ शकतं, स्टार्टर फीड, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, सुरू करा आणि व्हिटॅमिनचे थेंब डॉक्टरांना विचारून लगेच द्या, उशीर झाला की नस सुधारत नाही. पाय दोन बाजूंना फाकत असतील तर खाली गुळगुळीत पेपर अंथरलाय का बघा, तो काढून खरखरीत कापड घाला आणि दोन पायांना बँडएडचा सैल पट्टा बांधा, पहिल्या काही दिवसांत केलं तरच उपयोग.

बसायच्या दांडीचं विचारतात बरेच जण. कडा घासून गोल केलेली रुंद लाकडी पट्टी, फार उंच नको, खाली भुसा नाहीतर तूस जाड पसरलेलं आणि कोरडं. लोखंडी पाईप मात्र काढून टाका.