शॉट मोजले, मग तोलले

कोलोरॅडो अ‍ॅव्हलांचचा 2013-14 चा मोसम माझ्या डोक्यातून जाता जात नव्हता. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, 112 गुण, सेंट्रल डिव्हिजन या गटात पहिला नंबर. आणि मोसमभराचा हिशेब मांडला तर शॉट, म्हणजे जाळीकडे मारलेले फटके, मात्र समोरच्या संघांचेच जास्त. पुढच्या वर्षी हाच संघ 90 गुणांवर घसरला आणि प्ले-ऑफला, मोसमानंतरच्या बाद फेरीला, मुकला. मग त्या पहिल्या वर्षी त्यांचे थोडे शॉट खरंच जास्त धोकादायक होते, की दुसरंच काही चाललं होतं? कुणाचं मत ऐकून माझं समाधान होईना, म्हणून स्वतःच हिशेबाला बसलो.

मोजणी सोपी होती. सामन्यातल्या प्रत्येक शॉटची नोंद एनएचएल जाहीर करते: कुणी मारला, केव्हा, कसा, कुठून. त्यावरून आधी कॉर्सी काढला, म्हणजे गोलीपर्यंत (गोलरक्षकापर्यंत) गेलेले, बाहेर गेलेले आणि बचावपटूंनी मध्येच अडवलेले असे सगळे शॉट. हे नाव जिम कॉर्सी या गोलींच्या प्रशिक्षकावरून पडलं. अडवलेले वगळले की फेनविक. आघाडीवर असलेला संघ सावध खेळतो आणि पिछाडीचा संघ मिळेल तिथून मारत सुटतो, त्यामुळे गोलफलक बरोबरीत असतानाचे शॉट वेगळे काढावे लागले. एवढं एका संध्याकाळी झालं.

खरी झटापट शॉट तोलताना झाली. नोंदीत रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, मध्य शून्य धरलेला असतो आणि गोलरेषा तिथून 89 फुटांवर. सामन्याच्या दर पीरियडला (भागाला) संघ बाजू बदलतात, म्हणून सगळे शॉट आधी एकाच बाजूला वळवून घेतले. मग अंतर, कोन, शॉटचा प्रकार, रिबाउंड (गोलीला लागून परत आलेल्या पकवर, म्हणजे हॉकीच्या चकतीवर, मारलेला) आहे का, हे सगळं घालून प्रत्येक शॉटच्या गोलाची शक्यता काढली. हाच एक्सजी, अपेक्षित गोल.

पहिला आलेख बघून मी चक्रावलो. अंतर वाढेल तशी शक्यता उतरत गेली, ते ठीक. पण ब्लू लाइनच्याही (हल्ल्याच्या भागाच्या सीमारेषेच्याही) मागे, पार दुसऱ्या टोकाला, ती पुन्हा चढली! सूत्र तीनदा तपासलं, चूक सापडेना. शेवटी तिथले गोल एकेक करून उघडले. सगळे रिकाम्या जाळीतले. शेवटच्या मिनिटांत हरणारा संघ जादा खेळाडू उतरवायला गोली बाहेर काढतो आणि समोरचा खेळाडू स्वतःच्या टोकाकडून पक सरकवतो, ते गोल. ते काढून टाकल्यावर आलेख सरळ झाला.

दुसरी चूक जास्त लपलेली होती. अडवलेल्या शॉटची जागा नोंदतात ती पक जिथे अडला तिथली, मारला तिथली नव्हे. ब्लू लाइनवरून मारलेला शॉट स्लॉटमध्ये, म्हणजे जाळीसमोरच्या पट्ट्यात, बचावपटूच्या नडगीवर आदळला, तर कागदावर तो स्लॉटमधला दिसतो. अडवलेले शॉट तोलायचेच नाहीत असं ठरवावं लागलं. जागेची नोंदही सगळीकडे सारखी नसते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या रिंकवर शॉट प्रत्यक्षापेक्षा जवळचे नोंदले जात, हे बऱ्याच अभ्यासकांनी दाखवलेलं आहे.

मग मोसमाचे दोन भाग पाडून ताडून पाहिलं. पहिल्या भागात ज्या संघाचा शॉटमधला वाटा मोठा, त्याचा दुसऱ्या भागातही बहुधा मोठाच. पण शॉटमागे गोल होण्याचं प्रमाण पार हेलकावे खात होतं. गोल मुळात कमीच होतात, त्यामुळे थोड्या सामन्यांत ते प्रमाण कसंही दिसतं. मोजणीला लोक नावं ठेवतात, पण लवकर स्थिरावणारी ती एवढीच गोष्ट आहे, हे मला इथे मनापासून पटलं.

कोलोरॅडोचं तोलूनही पारडं जड भरलं नाही. त्यांचा गोली सेमियन वार्लामोव्हने त्या मोसमात .927 च्या प्रमाणात, म्हणजे शंभरातले जवळपास 93, शॉट अडवले होते. माझ्या मते उत्तराचा मोठा भाग तिथे आहे. उलट 2014-15 चे लॉस एंजेलिस किंग्ज: आदल्याच वर्षीचे स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकणारे, कॉर्सीत अगदी वरच्या रांगेत, तरी प्ले-ऑफबाहेर. नुसती मोजणीही पुरत नाही.

एका रात्री माझ्या तक्त्यातले दोन शॉट व्हिडिओवर शेजारी लावून पाहिले. दोन्ही रिस्ट शॉट (मनगटाच्या झटक्याने मारलेले), दोन्ही स्लॉटमधून साधारण 20 फुटांवरून, माझ्या हिशेबात दोघांची किंमत जवळपास एकच. पहिल्यात खेळाडू सरळ चालून येतो. गोली त्याच्यासमोर नीट बसलेला, पायांचे पॅड मिटलेले, पक छातीवर घेतो. दुसऱ्यात पक जाळीच्या एका बाजूच्या फेस-ऑफ वर्तुळाकडून (खेळ सुरू करायच्या वर्तुळाकडून) दुसऱ्या बाजूला आडवा येतो. गोली ढकलून सरकतोय, डावा पॅड अजून हवेत, खांद्यावरचा कोपरा सताड उघडा. आणि माझ्या तक्त्यात त्या पासला रकानाच नव्हता, कारण मूळ नोंदीत पास येतच नाहीत.

तेव्हापासून मी तो रकाना हाताने भरतोय. शॉट आला की थांबवायचं, चार सेकंद मागे जायचं, पक जाळीपासून जाळीपर्यंतची मनातली मधली रेषा ओलांडून आला का ते बघायचं, ‘आडवा’ किंवा ‘सरळ’ लिहायचं, आणि पुढचा शॉट.